‘समजलं का?’ विचारू नका: नव्या सुपरवायझरने माणसाला काम कसं शिकवावं

परवापर्यंत तुम्ही मशीनवर उभे होतात. आज हातात लाइनचा रिपोर्ट आहे आणि मॅनेजर जाता जाता सांगून गेलेत, “सोमवारपासून दोन नवी पोरं येतायत, जरा तयार करून घे.” तयार कसं करायचं ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. मलाही नव्हतं सांगितलं. भोसरीच्या एका मशीन शॉपमध्ये मी आधी ऑपरेटर, मग सेटर आणि मग सुपरवायझर झालो. पहिली दोन वर्षं मी ज्याला ट्रेनिंग म्हणायचो ते एवढंच होतं: नव्याला जुन्याच्या शेजारी उभं करायचं आणि शिफ्ट सुटताना विचारायचं, “समजलं का?” उत्तर कायम “हो सर”. दुसऱ्या दिवशी रिजेक्शनचा, म्हणजे नापास नगांचा, लाल ट्रे भरलेला.

पुढचं सगळं सीएनसी लेथच्या (संगणकाने चालणाऱ्या, धातू कातणाऱ्या मशीनच्या) लाइनवरचं आहे, कारण मला तेच येतं. तुमच्याकडे पॅकिंग असेल किंवा बिलिंगचं काउंटर असेल, तर मशीनची नावं बदलून घ्या.

१. आधी बघा, शिकवायची गरज आहे का

रिजेक्शन वाढलं की मीटिंगमध्ये एक वाक्य हमखास येतं: “ऑपरेटरला री-ट्रेनिंग द्या.” कुणाचंच काही बिघडत नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडतं.

आमच्याकडे एका पार्टचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, रात्रपाळीतच मोठा यायचा. मी एका महिन्यात त्याच तीन पोरांना तीनदा समोर बसवून बोअर गेज कसा वापरायचा ते शिकवलं आणि रजिस्टरवर सह्या घेतल्या. चौथ्या वेळी वैतागून रात्री स्वतः थांबलो. बारा वाजता इन्स्पेक्टर घरी गेला. जाताना गेजचं कपाट बंद करून किल्ली खिशात घालून गेला, कारण आधी एकदा गेज पडून खराब झाला होता आणि त्याने बोलणी खाल्ली होती. मग पोरं व्हर्निअरने मापत होती. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, सगळा मिळून ०.०३ मिलिमीटर आणि व्हर्निअरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२. मी तीनदा जे शिकवलं ते त्यांना पहिल्या दिवसापासून येत होतं. त्यांच्याकडे फक्त किल्ली नव्हती.

म्हणून शिकवायला बसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या माणसाला दुप्पट पगाराची बोली लावली, तर तो हे काम आत्ता बरोबर करून दाखवेल का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला येतंय, अडचण दुसरीकडे आहे. ती बहुतेक वेळा याच चार-पाच ठिकाणी सापडते: हत्यार हाताशी नाही, ड्रॉइंग जुनं आहे, दोन साहेब दोन गोष्टी सांगतायत, चांगलं काम केलं तर आणखी काम अंगावर पडतं, किंवा टार्गेटच चुकीचं आहे.

टार्गेटचं गणित एकदा मांडून बघाच. शिफ्टमध्ये कामाचे साडेसात तास, म्हणजे २७,००० सेकंद. मशीनची सायकल १५० सेकंदांची. ऑफिसमध्ये बसून भागाकार केला की उत्तर येतं १८०. पण जॉब (मशीनवर कातायचा नग) काढून दुसरा लावायला २५ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ मशीन थांबून असतं. मग उत्तर होतं १५४. मधले २६ नग पोराने आणायचे कुठून? तो चक, म्हणजे जॉब पकडणारा मशीनचा पंजा, पुसायचा वेळ वाचवतो. त्याला चक पुसायचं महत्त्व पुन्हा समजावून सांगून काहीही होणार नाही.

उत्तर ‘नाही’ आलं, म्हणजे त्याला खरंच येत नसेल, तर पुढे चला.

२. काम फोडून कागदावर मांडा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि बहुतेक जण तेच टाळतात. एक कागद घ्या, तीन रकाने पाडा: टप्पा, मर्म, कारण. टप्पा म्हणजे काम पुढे सरकतं ती कृती. मर्म म्हणजे त्या टप्प्यात जी गोष्ट चुकली की काम बिघडतं, हाताला लागतं, किंवा जी कळली की काम सोपं होतं. कारण म्हणजे ते मर्म का. ऑफिसात बसून लिहू नका, मशीनसमोर उभं राहून एकेक कृती करत लिहा.

चकमध्ये जॉब धरणं घ्या. ‘जॉब लोड करा’ अशी एका ओळीत लिहिलेली सूचना भिंतीवर असतेच. फोडल्यावर ती अशी दिसते:

टप्पा: स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) थांबल्यावर जॉ (चकचे जबडे) आणि सीट (जॉब टेकतो ती जागा) साफ करा. मर्म: आधी ब्रश, मग कापड, आणि सीटच्या तिन्ही जागा डोळ्यांनी बघा. कारण: सीटवर ०.१ मिलिमीटरची एक चिप (कातताना निघालेला धातूचा कीस) राहिली तरी जॉब कलतो. सीटला टेकलेला फेस (जॉबची सपाट बाजू) आणि बोअर काटकोनात राहत नाहीत. व्यास मात्र बरोबर येतो, म्हणून आपल्याकडे पकडलं जात नाही. ते कळतं थेट गिऱ्हाइकाकडे, बेअरिंग बसवताना.

टप्पा: जॉब सीटला टेकवा. मर्म: तळव्याने दाबून धरा, चक पूर्ण बंद होईपर्यंत दाब सोडू नका, बोटं जॉच्या वाटेत नकोत. कारण: जॉ आवळताना जॉब सीटवरून उचलला जाऊ शकतो. बोटांचं कारण सांगायला नको.

टप्पा: पेडल दाबून चक बंद करा. मर्म: प्रेशर गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात.

टप्पा: बसलाय का ते बघा. मर्म: ०.०५ चा फीलर (फट तपासायची पातळ पट्टी) सीटमध्ये शिरता कामा नये.

एका कागदावर पाच-सहा टप्प्यांच्या पुढे जाऊ नका. जास्त होत असतील तर ती दोन कामं आहेत, दोन दिवसांत शिकवा.

यात एक खोच आहे. ज्याला काम सगळ्यात चांगलं येतं त्याला ते सांगता येत नाही. आमच्याकडे एक जुने टर्नर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. इन्सर्ट (कातणारं बदलतं पातं) बदलायची वेळ झाली हे त्यांना मोजून न बघता कळायचं. विचारलं, “मामा, कसं कळतं?” “कळतं रे.” मग तासभर त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो आणि ते मान कुठे वळवतात तेवढंच बघितलं. ते चिप बघत होते. चिप ६ किंवा ९ च्या आकड्यासारखी तुटून पडतेय तोवर ते निवांत. ती लांब दोरीसारखी गुंतायला लागली की हात रीसेटकडे. हे त्यांना स्वतःलाही शब्दांत माहीत नव्हतं. मी कागदावर लिहून दाखवलं तर म्हणाले, “हां, असंच असंल.” म्हणून जाणत्या माणसाला विचारण्यापेक्षा त्याच्याकडे बघत बसा, आणि त्याची नजर कधी हलते ते टिपा.

३. कोण, काय, कधीपर्यंत

एका कागदावर डावीकडे नावं, वर कामं. प्रत्येक चौकटीत चार भागांचा गोल: एक भाग भरला तर शिकतोय, दोन भरले तर देखरेखीखाली करतो, तीन भरले तर एकटा करतो, चार भरले तर दुसऱ्याला शिकवतो. हा तक्ता बहुतेक कंपन्यांत लावलेला असतो आणि बहुतेक कंपन्यांत तो ऑडिटच्या आदल्या दिवशी भरतात. तुम्ही तो स्वतःसाठी भरा, पेन्सिलने. मग दिसेल की अमुक मशीन एकाच माणसाला येतं आणि त्याच्या बहिणीचं लग्न पुढच्या महिन्यात आहे. शिकवण्याचा क्रम तिथून ठरतो.

अप्रेंटिस मुलं येत असतील तर त्यांनाही या तक्त्यात घ्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्यामुळे ती येतच राहणार. त्यांना वर्षभर जॉब पुसायला लावणारे सुपरवायझर मी पाहिलेत. वर्षाच्या शेवटी तेच ओरडत असतात की चांगली माणसं मिळत नाहीत.

४. आता शिकवा

एखाद्याला फोनवरून फेटा बांधायला शिकवून बघा. सगळं बरोबर सांगाल, तरी समोरच्याच्या डोक्यावर गाठोडं होईल. आता काही न बोलता त्याच्यासमोर झटपट बांधून दाखवा. तरीही जमणार नाही, कारण तुमचा उजवा तो त्याचा डावा. नुसतं सांगणं पुरत नाही आणि नुसतं दाखवणंही पुरत नाही.

हे सिद्ध करायची एक जुनी रीत आहे. १९४० साली अमेरिकेत युद्धाच्या उत्पादनासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. कारखान्यांत लाखो नवखे येत होते, त्यांत कारखाना कधी न पाहिलेल्या बायकाही होत्या, आणि शिकवायला वेळ नव्हता. फोरमनला शिकवायचं कसं, तेच शिकवणारा दहा तासांचा वर्ग त्यांनी बसवला: दोन तासांची पाच सत्रं, एका वेळी दहाच जण. पहिल्या सत्रात विजेच्या वायरची एक गाठ असायची, प्लगच्या आत ताण येऊ नये म्हणून मारतात ती. शिक्षक आधी ती फक्त तोंडाने सांगायचा, कुणाला जमायची नाही. मग फक्त करून दाखवायचा, तरी जमायची नाही. तिसऱ्यांदा नीट पद्धतीने शिकवायचा आणि जमायची. पद्धत आणखी जुनी होती. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीची माणसं तयार करताना चार्ल्स अ‍ॅलन यांनी चार पायऱ्या बसवल्या होत्या, त्यावरूनच ती घेतली. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटाने उचलली. आज आपल्या चाकणमध्ये ‘जपानी पद्धत’ म्हणून जे शिकवतात त्यातला बराचसा भाग हा असा फिरून आलेला आहे.

चार पायऱ्या मी वापरतो त्या अशा.

*माणूस तयार करा.* नाव विचारा, गाव विचारा, याआधी काय केलंय ते विचारा. आयटीआयचा मुलगा असेल तर मायक्रोमीटर त्याला येतो, तिथे वेळ घालवू नका. आणि त्याला तुमच्या समोर नव्हे, शेजारी उभा करा, म्हणजे त्याचा उजवा तो तुमचाही उजवा.

*दाखवा, तीनदा.* पहिल्या वेळी फक्त टप्पे सांगत करा. दुसऱ्या वेळी टप्पे आणि मर्म. तिसऱ्या वेळी टप्पे, मर्म आणि कारणं. पहिल्याच फेरीत सगळं ओतायचा मोह होतो, कारण आपल्याला खूप येतं. आवरा.

*करून घ्या, चारदा.* आधी तो गप्प राहून करेल, चूक झाली तर तिथेच थांबवा. मग तो करत करत टप्पे सांगेल. मग मर्म सांगेल. मग कारणं. इथे खरी गोष्ट कळते. हात बरोबर चालतो आणि तोंडातून मर्म येत नाही, याचा अर्थ तो तुमची नक्कल करतोय. उद्या जॉब बदलला की नक्कल निरुपयोगी.

आमच्या लाइनवर ओडिशाचा एक मुलगा होता. माझी हिंदी कामापुरती, त्याची माझ्याहून जरा बरी. सीट का पुसायची हे त्याने चौथ्या फेरीत सांगितलं: “साफ दिखना चाहिए, साहब आते हैं।” दोन दिवस तो फार मन लावून पुसत होता, पण जॉचा पुढचा, दिसणारा भाग. सीटला हात नव्हता. “समझ गया?” विचारलं असतं तर “हाँ साहब” म्हणाला असता आणि मी निघून गेलो असतो. मग सीटवर मुद्दाम एक चिप ठेवून जॉब धरला, डायल (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावला आणि काटा नाचताना त्याला दाखवला. पुढे कधी सांगावं लागलं नाही.

चौथी पायरी परत जाऊन बघण्याची. तिच्यावर वेगळं लिहितो, कारण ती सगळ्यात जास्त बुडते. त्या वर्गातल्या फोरमनना एक वाक्य पाठ असायचं: कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता.

५. जे लक्षात ठेवायची गरज नाही ते मशीनवर लावा

सगळं डोक्यात भरायचं नसतं. रोज शंभरदा करायची कृती हातात बसली पाहिजे. महिन्यातून दोनदा येणारी, चुकली तर महागात पडणारी कृती कार्डावर पाहिजे.

मी ऑपरेटर असतानाचं सांगतो. ६२ मिलिमीटरचा बेअरिंग बोअर, टॉलरन्स शून्य ते +०.०३०. माप आलं ६१.९७५. मला ६२.०१५ हवं होतं, म्हणजे ०.०४० वाढवायचं. मशीनचा कंट्रोल फानुक कंपनीचा. वेअर ऑफसेटच्या, म्हणजे हत्याराच्या झिजेची दुरुस्ती टाकायच्या, पानावर आधीच −०.१२० होतं. तिथे खाली दोन बटणं असतात: ‘+इनपुट’ आणि ‘इनपुट’. पहिलं बटण टाकलेला आकडा आधीच्या आकड्यात मिळवतं, दुसरं आधीचा पुसून नवा लिहितं. मिळवलं असतं तर −०.०८० झालं असतं. मी ०.०४० टाइप केलं आणि ‘इनपुट’ दाबलं. झालं +०.०४०. टूल व्यासात ०.१६० ने सरकलं आणि पुढचा बोअर ६२.१३५. मोठा झालेला बोअर लहान होत नाही. मी मापलं तोवर तीन जॉब झाले होते.

मला फरक माहीत होता का? होता. शिफ्टचा शेवटचा तास होता आणि बाजूचं मशीन अलार्म देत होतं. असल्या चुकीवर वर्ग घेऊन उपयोग नाही. सुपरवायझर झाल्यावर मी प्रत्येक कंट्रोल पॅनलवर तळहाताएवढं कार्ड लावलं: “१. जुना आकडा कागदावर लिही. २. किती बदलायचं ते लिही. ३. नवा काय यायला हवा ते लिही. ४. +इनपुट. ५. स्क्रीनवर तोच आला का?” बास. तिसरी ओळ सगळं काम करते.

कार्ड म्हणजे अडाण्यांसाठी, असं कुणी हिणवलं तर त्याला विमानाची गोष्ट सांगा. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ उडालं आणि लगेच कोसळलं. जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीकडचे हलते भाग हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे नवशिके नव्हते, चाचणी वैमानिक होते. विमान अवघड आहे म्हणून ते सोडून द्यायच्या ऐवजी वैमानिकांनी उड्डाणाआधी बघायच्या गोष्टींची यादी केली. त्याच विमानाचं पुढे बी-१७ झालं.

कार्ड छोटं ठेवा. लॅमिनेट करून आठ पानं टांगली की ती तेलाने पिवळी होतात, दुसरं काही होत नाही.

६. परत जा

पहिल्या दिवशी दर तासाला, दुसऱ्या दिवशी तीनदा, मग रोज एकदा, मग आठवड्याने. उभं राहून गप्पा मारायला नाही. एक जॉब पूर्ण लोड होताना बघायला. त्याला एक नावही द्या, ‘अडलं तर यालाच विचार’. ‘कुणालाही विचार’ म्हटलं की तो कुणालाच विचारत नाही. नव्या माणसाला तिसऱ्या आठवड्याआधी रात्रपाळीला एकटं टाकू नका, मॅनेजर कितीही म्हणोत. टाकावंच लागलं तर त्याला ओळखीचाच जॉब द्या.

चूक झाली की पहिलं वाक्य “करून दाखव” असू द्या, “कुणी केलं?” नको. मी सुरुवातीला शॉपच्या मधोमध उभं राहून ओरडायचो आणि रिजेक्शनचा आकडा दोनच आठवड्यांत कमी झाला. मला वाटलं जमलं. मग एके दिवशी चिपांची ट्रॉली रिकामी करताना तळातून चार पूर्ण झालेले जॉब निघाले. पोरं माझ्यापासून रिजेक्शन लपवायला शिकली होती, आणि ते मीच शिकवलं होतं. त्यानंतर नियम केला: चुकलेला जॉब स्वतः आणून टेबलावर ठेवणाऱ्याला त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही, फक्त दोघांनी मिळून कागदावरच्या कुठल्या ओळीपाशी चुकलं ते शोधायचं. पहिल्या महिन्यात आकडा वाढला. मॅनेजरना आधीच सांगून ठेवा की वाढणार आहे, नाहीतर तुमचीच री-ट्रेनिंग निघेल.

तीन महिन्यांनी त्याच पोराला पुढच्या नव्याला शिकवायला सांगा, आणि तुम्ही मागे उभे राहा. ओडिशाचा तो मुलगा शिकवत होता तेव्हा फीलरच्या ओळीशी थांबला आणि मला म्हणाला, “साहब, ये लाइन पहले चाहिए। चक बंद करके फिर निकालना पड़ता है तो कोई नहीं करता।” त्याने जॉब हाताने दाबून, चक बंद करायच्या आधीच सीटवरची फट बघायची सोपी युक्ती काढली होती. बंद केल्यावर पुन्हा फीलर लागतोच, पण दर पाचव्या जॉबला लावला तरी चालतो, असं आम्ही मापून ठरवलं. कागदावरची ओळ खोडून वर लिहिली. तारीख टाकली, आणि खाली त्याचं नाव.